पेशी वाढल्या, मग आजार का वाढतो?

श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांबद्दल या आठवड्यात लिहिणार होतो. ते पुढे ढकलतो आहे, कारण साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न डोक्यातून जाईना. सिगारेट ओढणाऱ्यांच्या वायुकोशांत जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी चार-पाच पटींनी वाढलेल्या असतात, असं मी गेल्या वेळी लिहिलं होतं. ते विचारतात, ‘मग त्यांना न्यूमोनिया आणि क्षय कमी व्हायला हवा. होतो मात्र जास्त. हे कसं?’

जास्त म्हणजे किती, ते आधी पाहू. रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात घुसणाऱ्या न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूच्या संसर्गावर उत्तर अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. 18 ते 64 वयाच्या, एरवी प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसांत धूम्रपान करणाऱ्यांना धोका सुमारे चौपट होता. स्वतः न ओढता दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांनाही तो अडीच पट होता. क्षयाचं म्हणाल, तर आपल्याकडचाच पुरावा आहे. गजलक्ष्मी, रिचर्ड पेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूत 43,000 पुरुषांच्या मृत्यूंची कारणं तपासली. 2003 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या कामात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत क्षयाने मरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघालं. हा अभ्यास आपल्याकडे जितका चर्चिला जायला हवा, तितका गेला नाही, याची मला खंत वाटते.

आता त्या पेशी जवळून पाहू. ब्राँकोस्कोपीची दुर्बीण फुफ्फुसाच्या एका भागापर्यंत नेतात, तिच्यातून निर्जंतुक सलाइन सोडतात आणि परत ओढून घेतात. न ओढणाऱ्याच्या फुफ्फुसातून येणारं पाणी साधारण नितळ, वर थोडा फेस. ओढणाऱ्याचं पुष्कळदा गढूळ, तपकिरी झाक असलेलं. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला, की भक्षकपेशींची दाटी दिसते. एकेक पेशी फुगलेली, आत तपकिरी-काळ्या कणांचा खच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली याच कणांत बारीक सुयांसारखे तुकडेही सापडले आहेत. ती केओलिनाइट नावाची चिकणमाती. तंबाखूबरोबर आलेली माती धुरावाटे थेट वायुकोशात पोचलेली!

भक्षकपेशी जे गिळते, ते लायसोसोम नावाच्या पिशव्यांत पचवते. या पिशव्या क्रिस्तियाँ द द्यूव यांनी 1955 मध्ये जगापुढे आणल्या. त्यांतली विकरं जंतूंचे तुकडे करतात, पण मातीचं आणि काजळीचं काय करणार? ते तसंच साठत जातं.

साठून पुढे काय होतं, ते एका माशाने दाखवलं. संशोधक ललिता रामकृष्णन यांचं वैद्यकीय शिक्षण बडोद्याचं. त्यांनी क्षयाच्या अभ्यासासाठी झेब्राफिश निवडला. हा इटुकला मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नाल्यांतला, आणि त्याचं पिल्लू पारदर्शक असतं. त्यामुळे क्षयाच्या जंतूचा भाऊबंद असलेल्या जंतूचा संसर्ग करून, जिवंत पिल्लातली भक्षकपेशी कुठे धावते, काय गिळते, हे डोळ्यांनी पाहता येतं. मला तर हे दृश्य कितीही वेळा पाहिलं तरी पुरत नाही.

एका जनुकात बिघाड असलेल्या पिल्लांत रामकृष्णन यांच्या गटाला भक्षकपेशींचे लायसोसोम न पचलेल्या ऐवजाने तुडुंब भरलेले दिसले. पंगतीत आकंठ जेवलेल्या माणसाला पाटावरून उठवत नाही, तशी या पेशींची गत होती. जंतू गिळून मरू घातलेल्या दुसऱ्या भक्षकपेशींकडे त्यांनी धावून जायला हवं होतं, त्यांना गिळून टाकायला हवं होतं. त्या पोचल्याच नाहीत. मेलेल्या पेशी तिथेच फुटल्या, क्षयाची गाठ आतून ढासळली आणि मोकळे झालेले जंतू फोफावले. मग याच संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्या माणसांच्या भक्षकपेशी तपासल्या. त्यांचेही लायसोसोम धुरातल्या कणांनी भरलेले होते, आणि समोर क्षयाचे जंतू असूनही त्या तिकडे सरकत नव्हत्या. 2016 मध्ये ‘सेल’मध्ये आलेलं हे काम.

म्हणजे गुरुजी, संख्या वाढली तरी जागेवर वेळेत पोचणाऱ्या पेशी कमीच. माशाचा पुरावा क्षयापुरता आहे, हे लक्षात ठेवायला हवं. न्यूमोनियाच्या जंतूंबाबत गिळण्याची ताकदच मंदावते, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे.

सिगारेट सोडली की सगळं पूर्ववत होतं का, असंही त्यांनी विचारलं आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या येतात, नवा माल येणं थांबतं, आणि संसर्गाचा धोका वर्षागणिक उतरत जातो. तपकिरी कण मात्र सोडल्यानंतर कित्येक वर्षांनीही काही पेशींत सापडतात. कारण मेलेली पेशी गिळणं हेही भक्षकपेशीचंच काम, आणि तिच्या पोटातली न पचलेली माती गिळणारीच्या वाट्याला येते.