ऑफिस छोटं, कामाचे तास मोठे

यंत्रमागांच्या मालेगावात बारा तासांची पाळी मुरलेली आहे. पण तिथे निदान पाळी संपते. डिजिटल मार्केटिंगच्या एजन्सीत क्लायंटचा मेसेज रात्री अकरालाही येतो, आणि ईद-दिवाळीच्या पोस्ट नेमक्या सणाच्या दिवशीच टाकायच्या असतात. इथली नाराजी बहुधा पगारापेक्षा या न संपणाऱ्या दिवसाबद्दल असते.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार मूळ मर्यादा अशी होती: दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर, वर्षाला ८ किरकोळ रजा. मेख संख्येत होती. हे सगळं १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणीच लागू. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही अट २० वर आणि रोजचे तास १० वर नेण्यास मंजुरी दिली. छोट्या शहरांतल्या पाच-सात जणांच्या एजन्सींना आधीही हे संरक्षण नव्हतं. आता पंधरा जणांचं ऑफिसही बाहेर राहतं. हा बदल चुकीच्या दिशेचा आहे.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र छोट्या ऑफिसातल्या स्त्रियांनाही लागू आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. मुदत सर्वसाधारणपणे घटनेपासून ३ महिने.

कुठेही दाद मागायची तर पुरावा लागतो, म्हणून नियुक्तिपत्र, पगाराच्या पावत्या आणि रात्रीचे मेसेज जपून ठेवा.