सागरी वायुभारमापक व त्याचे निर्माते : एक विवेचन

प्रस्तावना :
गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या नद्यांचा संगम होतो. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला. या प्रदेशातील अतिवृष्टीस बहुधा बंगालच्या उपसागरावरून सरकणारी कमी दाबाची क्षेत्रे कारणीभूत असतात. समुद्रावरील हा दाब मोजणे ज्या उपकरणामुळे शक्य झाले, त्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मूळ अडचण :
टॉरिचेल्ली यांच्या १६४३ च्या कल्पनेनुसार समुद्रसपाटीवर हवेचा भार पाऱ्याचा सुमारे ७६ सें.मी. उंचीचा स्तंभ तोलून धरतो. जमिनीवर हे उपकरण उत्तम चालते. परंतु जहाजाच्या हेलकाव्यांबरोबर पारा सतत खाली-वर होतो. त्यामुळे अचूक नोंद घेता येत नाही व नळी फुटण्याचाही संभव असतो.

निर्मात्यांचे योगदान :
लंडनचे उपकरणनिर्माते एडवर्ड नेर्न यांनी नळीचा काही भाग अत्यंत अरुंद ठेवून पाऱ्याची ही चंचलता आवरली. उपकरण फिरत्या कड्यांत टांगल्याने ते उभेच राहत असे. कॅप्टन कुक यांच्या १७७२ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या सफरीत नेर्न यांचे वायुभारमापक होते. तथापि नळी फार अरुंद असल्यास पारा दाबातील खऱ्या बदलालाही उशिरा प्रतिसाद देतो. म्हणून स्थैर्य व तत्परता यांचा मेळ घालणे हेच निर्मात्याचे खरे कौशल्य ठरले.

१८५३ च्या ब्रुसेल्स सागरी परिषदेनंतर एकसारख्या नोंदींची निकड भासू लागली. पॅट्रिक अडी यांनी बनविलेल्या क्यू पद्धतीच्या उपकरणात कुंडीतील पाऱ्याच्या पातळीतील फरकाची दुरुस्ती मोजपट्टीतच सामावलेली होती. त्यामुळे एकच वाचन पुरेसे होई. तोफांच्या हादऱ्यांनी नळ्या फुटत. त्यावर ॲडमिरल फिट्झरॉय यांच्या सूचनेने नेग्रेटी व झांब्रा यांनी रबराचा आधार असलेले उपकरण तयार केले.

भारतीय संदर्भ :
कोलकात्यातील हेन्री पिडिंग्टन यांनी जहाजांच्या रोजनिशींतील वायुदाब व वाऱ्याच्या नोंदी जुळवून उपसागरातील वादळे अभ्यासली आणि १८४८ मध्ये 'सायक्लोन' हा शब्द रूढ केला. गोदावरीच्या मुखाजवळील कोरिंगा बंदर उद्ध्वस्त करणाऱ्या १७८९ च्या वादळाचाही त्यांनी उल्लेख केला. भामरागडचे पाणी इंद्रावतीतून गोदावरीमार्गे याच किनाऱ्याला मिळते.

समारोप :
आज उपग्रह व स्वयंचलित तरंगती केंद्रे हे कार्य करतात. तरीही दूरच्या समुद्रावरील दाब कळल्याशिवाय वनप्रदेशातील पुराची पूर्वसूचना देता येत नाही, हे सूत्र कायम आहे. या सूत्राची पायाभरणी वैज्ञानिकांइतकीच काच घडविणाऱ्या कारागिरांनीही केली, असे म्हणणे उचित ठरेल.