बॉक्सवर ‘५००० वॅट’ आणि मागे २४ वॅटचा अडॅप्टर! कमी बजेटमध्ये गाणी ऐकायला स्पीकर घ्यायचा तर बघायचं काय?

दिवाळीचा बोनस जमा झाला, ऑनलाइन सेल लागला, की मोबाईलवर स्पीकरच्या जाहिराती सुरू होतात. ५००० वॅट, १०००० वॅट, ५.१ होम थिएटर, डीप बास, वर रंगीत लाईट, रिमोट आणि कराओकेचा माईक फुकट. किंमत साडेचार हजार.

खाली स्क्रोल केलं की दुसरा एक सेट दिसतो. दोन साध्या लाकडी पेट्या. लाईट नाही, माईक नाही. वॅट लिहिलेत फक्त ४२. आणि किंमत मात्र जवळपास दुप्पट.

साहजिकच माणूस म्हणतो, ४२ वॅटसाठी दुप्पट पैसे मोजायला मी काय वेडा आहे का?

पण गंमत अशी आहे की त्या ५००० वॅटच्या डब्यातून बऱ्याचदा ४२ वॅटसुद्धा बाहेर पडत नाहीत. स्पीकर घेताना सगळ्यात जास्त पैसे याच एका आकड्यापायी वाया जातात, म्हणून आधी हा आकडा येतो कुठून ते बघू.

पीएमपीओ नावाचं प्रकरण

ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात डबल कॅसेटवाला टू-इन-वन होता, त्यांना ‘पीएमपीओ’ ही अक्षरं आठवत असतील. पीक म्युझिक पॉवर आउटपुट. म्हणजे सेकंदाच्या अगदी बारीकशा तुकड्यात स्पीकरने मारलेली जास्तीत जास्त उडी. ती कशी मोजायची याचा सगळ्यांना बांधील असा नियम नाही, त्यामुळे कंपनीला वाटेल तो आकडा छापता येतो. आज बॉक्सवर पीएमपीओ लिहितातच असं नाही, नुसतं ‘५००० वॅट’ लिहून मोकळे होतात.

खरा कामाचा आकडा असतो आरएमएस. स्पीकर सलग वाजत राहिला तर किती ताकद देऊ शकतो, ते यातून कळतं. अमेरिकेत हीच फसवाफसवी इतकी वाढली होती की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली घरगुती अँप्लिफायरची ताकद कशी मोजायची आणि जाहिरातीत कशी लिहायची याचा नियमच केला.

आरएमएस लिहिलेलाच नसेल तर? तर बॉक्सचा पुढचा भाग सोडा आणि अडॅप्टरवरचं बारीक स्टिकर वाचा.

तिथे लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ, आउटपुट १२ व्होल्ट, २ अँपिअर. दोघांचा गुणाकार करा. २४ वॅट. म्हणजे स्पीकरला भिंतीतून मिळणारी वीजच २४ वॅट आहे. त्यातली थोडी उष्णतेत जाणार, थोडी त्या रंगीत लाईटला जाणार, आणि उरलेल्यातून गाणं वाजणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

अडॅप्टर नसेल, थेट २३० व्होल्टची पिन असेल, तर मागच्या लेबलवर किती वॅट वीज खातो ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. बाथरूममधला गिझर साधारण २००० वॅटचा असतो. त्याला वेगळं जाड सॉकेट लागतं. टीव्हीशेजारच्या साध्या पॉइंटवर लावलेला स्पीकर जर खरंच सलग ५००० वॅट खायला लागला, तर गाण्याचा मुखडा संपायच्या आत एमसीबी पडेल.

मग लागतात तरी किती वॅट?

ऐकून हसू येईल, पण घरातल्या खोलीत आपण गाणी ऐकतो तेव्हा बहुतेक वेळ एखाद-दोन वॅटच खर्च होत असतात.

स्पीकरच्या माहितीत ‘सेन्सिटिव्हिटी’ असं एक खातं असतं. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, हे ते सांगतं. चांगल्या छोट्या स्पीकरचा आकडा ८५-८८ डेसिबलच्या आसपास असतो. आणि ८५ डेसिबल म्हणजे समोरच्याशी बोलायला आवाज चढवावा लागेल इतका मोठा आवाज.

दुसरी गोष्ट. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ‘हं, जरा वाढला बहुतेक’ इतपत. आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. त्यामुळे २० वॅट की ३० वॅट, यावर दुकानात अर्धा तास घालवण्यात काही अर्थ नाही. दहा बाय बाराच्या खोलीत प्रत्येक बाजूला खरे १५-२० वॅट असले तरी पुष्कळ झालं. लग्नाची वरात काढायची असेल तर तो विषय वेगळा.

पैसे जातात कुठे?

मग त्या साध्या दिसणाऱ्या पेट्यांचे जास्तीचे पैसे कशाचे? पेटीचे आणि आतल्या पडद्यांचे.

खालचा, जाड आवाज काढायला भरपूर हवा ढकलावी लागते. बास गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. माणसाचा कान ढोबळमानाने २० ते २०००० हर्ट्झ ऐकतो. मूठभर आकाराच्या स्पीकरमधला दोन इंची पडदा शंभर हर्ट्झच्या खाली गेला की दमायला लागतो. त्याला तेवढी हवा हलवताच येत नाही.

तरीही मोबाईलवर गाणं लावलं तर डग्गा ‘आहे’ असं आपल्याला वाटतं, बरोबर? ती आपल्या मेंदूची करामत. मूळ खालचा सूर गायब असला तरी त्याच्या वरचे जे पूरक सूर ऐकू येतात, त्यांवरून मेंदू मूळ सुराचा अंदाज बांधतो. ताल कळतो, पण डग्ग्यावर तळवा घासल्यावर जी घुमार येते ती काही येत नाही.

स्वस्त स्पीकर बनवणारे इथे शॉर्टकट मारतात. खरा खालचा आवाज काढता येत नाही म्हणून त्याच्या जरा वरचा पट्टा मुद्दाम फुगवतात. यालाच आपण ‘बूम-बूम’ म्हणतो. दुकानात दोन मिनिटं ऐकताना हा आवाज भारी वाटतो. घरी आठवडाभर ऐकला की लक्षात येतं, प्रत्येक गाण्यात एकच ढबढब आहे आणि गायकाचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतोय. माझ्या मते बजेट स्पीकरचा सगळ्यात मोठा दोष हा आहे. कमी बास एकवेळ चालतो, खोटा बास डोकं उठवतो.

म्हणून चार इंची किंवा त्याहून मोठा वूफर, वरच्या सुरांसाठी वेगळा छोटा ट्विटर आणि एमडीएफची जड पेटी या तीन गोष्टी बघा. पातळ प्लास्टिकची पेटी स्वतःच थरथरते आणि गाण्यात स्वतःचा आवाज मिसळते. पेटी बोटाने वाजवून बघितली तरी अंदाज येतो.

आणि हो, ‘२०-२०००० हर्ट्झ’ असं छापलेलं असेल तर भुलू नका. पुढे ‘±३ डेसिबल’ असं काही लिहिलं नसेल, तर टोकाचा सूर फक्त मुंगीच्या आवाजात येत असला तरी कंपनी तो आकडा छापू शकते.

पाच पेट्या की दोन?

ॲलन ब्लुमलिन नावाच्या इंग्लिश इंजिनिअरचा एक किस्सा सांगतात. बायकोबरोबर सिनेमाला गेला असताना त्याच्या लक्षात आलं, की नट पडद्याच्या एका टोकाला उभा आहे आणि आवाज मात्र भलतीकडून येतोय. १९३१ साली त्याने दोन वाहिन्यांच्या आवाजाच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया त्यात आहे.

आज तुम्ही ॲपवर ऐकता ती बहुतेक गाणी या दोनच वाहिन्यांची असतात, डावी आणि उजवी. नीट ठेवलेल्या दोन स्पीकरमध्ये गायक बरोबर मधोमध उभा असल्यासारखा वाटतो, जिथे प्रत्यक्षात काहीच नसतं. ५.१ हा प्रकार आला सिनेमासाठी. साडेचार हजारांत पाच पेट्या आणि एक सबवूफर बसवायचा म्हटलं तर प्रत्येक पेटीच्या वाट्याला काय येणार? गाण्यांसाठी त्याच पैशांत दोन बऱ्या पेट्या घेतलेल्या कधीही चांगल्या.

साउंडबारचंही तेच. टीव्हीवरचे संवाद स्पष्ट ऐकायला तो छान, पण डावा-उजवा एकाच पट्टीत कोंबलेले असतात, त्यामुळे तो पसारा मिळत नाही. दोन ब्लूटूथ स्पीकर एकत्र जोडणार असाल तर ‘स्टिरिओ पेअर’ होतात का ते बघा. ‘पार्टी मोड’मध्ये दोन्हीकडे एकच आवाज वाजतो.

इथे एक अपवाद आहे. घरातली मोठी माणसं फक्त पन्नास-साठच्या दशकातली गाणी ऐकत असतील, तर ती रेकॉर्डिंग बहुतेक मोनो आहेत. आईबाबांना स्वयंपाकघरात ऐकायला एकच चांगली पेटी पुरते, त्यांच्यासाठी जोडीचा आग्रह नको.

कुठल्या बजेटमध्ये काय?

दोन-अडीच हजारांत लॅपटॉपशेजारी ठेवायचे यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर मिळतात. क्रिएटिव्ह पेबल हा त्यातला माहितीतला. कंपनीच त्याची ताकद ४.४ वॅट आरएमएस सांगते. आकडा केविलवाणा वाटतो, पण टेबलावर हातभर अंतरावरून ऐकायला तेवढा पुरतो. हॉल भरेल ही अपेक्षा ठेवू नका.

चार-सहा हजारांची मधली रेंज सगळ्यात फसवी. इथे लाईट आणि माईकवाल्यांचं राज्य आहे. याच पट्ट्यात अडकला असाल तर ओळखीच्या कंपनीचा, आरएमएस स्पष्ट लिहिलेला साधा २.१ घ्या आणि सबवूफरचं बटण अर्ध्याच्या खालीच ठेवा. खरं तर दोन-तीन महिने थांबून पुढच्या रेंजमध्ये जाता आलं तर जास्त बरं.

दहा हजारांच्या आसपास खरी गंमत सुरू होते. एडिफायर आर१२८०टी हे याचं नेहमीचं उदाहरण. चार इंची वूफर, वेगळा ट्विटर, एकूण ४२ वॅट आरएमएस, अँप्लिफायर पेटीतच. याला ब्लूटूथ नाही, डीबी या भावंडात ते आहे. याच धर्तीचे इतरही आहेत, ‘पॉवर्ड बुकशेल्फ’ असं शोधा.

आणि जुना बाजार? मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथे किंवा कुणाच्या घरून जुने स्पीकर मिळतात. पैशांच्या मानाने सगळ्यात चांगला आवाज इथे मिळू शकतो, पण वेगळा अँप्लिफायर लागतो. घेताना वूफरच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून बघा, वर्षानुवर्षांत तो कुजून भुसा होतो. कोनला चारी बाजूंनी सारखा, अगदी हलका दाब द्या, आतून खरखर आली तर सोडून द्या. खिशात दीड व्होल्टचा सेल ठेवा. स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला की ‘थप्’ असा आवाज आला पाहिजे.

फुकटातली सुधारणा

महागडे स्पीकर शोकेसच्या कप्प्यात, फुलदाणीच्या मागे कोंबलेले मी कितीतरी घरांत बघितलेत. त्यापेक्षा स्वस्त स्पीकर नीट ठेवलेले बरे वाजतात.

दोन स्पीकर आणि तुमची बसायची जागा यांचा समभुज त्रिकोण करा. ट्विटर कानाच्या उंचीला. मागच्या भिंतीपासून वीतभर तरी पुढे. भिंतीला चिकटवला की बास वाढतो, कोपऱ्यात ठेवला की आणखी वाढतो आणि घुमायला लागतो. उघडी फरशी आणि मोकळ्या भिंती असतील तर आवाज चरचरीत होतो. जाड पडदा, सतरंजी, पलंगावरची गादी, पुस्तकांचं कपाट, सगळं उपयोगी पडतं.

वेगळ्या वायरींचे स्पीकर असतील तर लाल-काळं दोन्हीकडे सारखं जोडलंय ना ते तपासा. एकीकडे उलटं झालं तर दोन्ही पेट्या वाजतात, पण एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो. बास गायब होतो आणि गायक मधोमध न दिसता खोलीभर भरकटतो. कित्येक जण यासाठी स्पीकरलाच नावं ठेवतात.

ब्लूटूथची काळजी मात्र फार नको. या बजेटमध्ये कमी पडतो तो स्पीकर, ब्लूटूथ नाही. शंका असेल तर तेच गाणं एकदा वायरने लावून बघा.

पार्सल घरी आलं की पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला पाठ असलेलीच गाणी लावा. एक ज्यात नुसता गळा आणि तानपुरा आहे, एक तबला किंवा पखवाजाचं, एक भरगच्च वाद्यांचं. आधीच्या स्पीकरशी तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जरा मोठा वाजणारा कानाला नेहमी चांगलाच वाटतो. बोललेले शब्द, म्हणजे एखादी मुलाखत, लावून बघा. माणसाचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला तर तो स्पीकर परत करा. आणि रिटर्नची मुदत संपेपर्यंत खोका आणि थर्माकोल माळ्यावर टाकू नका.