नाव बदललं, बोट तीच!

युद्धनौकेची सर्व्हिस हिस्टरी म्हणजे तिची कुंडलीच: कधी बांधली, कुठे लढली, शेवट काय झाला. सोपं वाटतं ना? मग 'फायरफ्लाय'चं उदाहरण बघू.

पहिल्या महायुद्धात इराकमधल्या टायग्रिस नदीसाठी ब्रिटिशांना उथळ पाण्यात चालणाऱ्या छोट्या गनबोटी हव्या होत्या. यारो कंपनीने त्या बांधल्या आणि सुट्या भागांत पाठवल्या. जोडणी आबादानला झाली. 'फायरफ्लाय' त्यातलीच. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर सहावी पूना डिव्हिजन माघारी निघाली. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. 1 डिसेंबरला उम्म-अत-तुबुलजवळ तोफगोळा 'फायरफ्लाय'च्या बॉयलरवर बसला. बोट तिथेच सोडावी लागली आणि ती ऑटोमन सैन्याच्या हाती गेली.

इथे कुंडली संपली का? नाही! ऑटोमनांनी तिला 'सलमान पाक' नाव दिलं. टेसिफॉनचं हेच स्थानिक नाव. 26 फेब्रुवारी 1917 ला ब्रिटिशांनी ती परत जिंकली.

म्हणजे फक्त 'फायरफ्लाय' असं शोधलं, तर मधले जवळपास 15 महिने कोरे राहतील. त्या काळातली बोट शत्रूच्या कागदांत, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या नावाने शोधायला हवी.

एकाच सॅम्पलला दोन लेबलं लावून मी स्वतः दोन महिने घालवलेत, म्हणून सांगतो: पहिल्याच दिवशी वहीत सगळी नावं तारखांसकट लिहा. माग वस्तूचा काढायचा, नावाचा नाही.