घरातील ई-कचरा कोणाच्या हाती द्यावा?



नाताळपूर्वीची साफसफाई काढली की बहुतेक घरांत एक प्रश्न उभा राहतो. माळ्यावरचा जुना फुगीर टीव्ही, खणातले दोन-तीन बंद मोबाइल, वायरींचा गुंता, गेलेले सीएफएल दिवे यांचे करायचे काय? यवतमाळ असो, पुसद असो वा वणी, उत्तर बहुधा एकच असते : भंगारवाल्याला देऊन टाकावे. ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय आपल्याला हळूहळू लागत आहे. या तिसऱ्या कचऱ्याचा विचार मात्र मागे राहिला आहे. तो येथे थोडा सविस्तर करावा, असे आम्हांला वाटते.

बंद पडलेली वस्तू घरात पडून असते तोवर ती सहसा निरुपद्रवी असते. धोका सुरू होतो तो ती फोडल्यावर किंवा जाळल्यावर. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते. सीएफएल व ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. तांबे मिळवण्यासाठी वायरीचे प्लास्टिक उघड्यावर जाळले, तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये धुरात मिसळतात. सर्किट बोर्डातील सोने काढण्यासाठी काही ठिकाणी तीव्र आम्ले वापरली जातात आणि उरलेले आम्ल गटारात सोडले जाते. हे काम बहुधा गरिबांच्या वाट्याला येते. त्यांत स्त्रिया आणि मुलेही असतात. शिशाचा सर्वाधिक घात तर लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो.

न दिसणारे विष म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. तो धडा ई-कचऱ्याच्या बाबतीत पुन्हा गिरवण्याची वेळ येऊ नये.

भारतात ई-कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. सध्याचे, म्हणजे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले असून त्यांत १०६ प्रकारच्या वस्तूंचा समावेश आहे. वस्तू बनवून विकणाऱ्या कंपन्यांनी ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्यावर नोंदणीकृत केंद्रांकडून पुनर्प्रक्रिया करून घ्यावी, असे बंधन त्यांत आहे. २०२६-२७ साठी हे प्रमाण ७० टक्के ठरवलेले आहे. तथापि, वस्तू योग्य मार्गाला लागते की नाही, हे आपल्या दारातच ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे.

लहान शहरांची अडचण निराळी आहे. एका घरातील दोन मोबाइलसाठी अमरावतीहून किंवा नागपूरहून कोणाची गाडी येणार नाही. पण शंभर घरांचा माल एका जागी जमला तर ती येऊ शकते. एकत्र येण्याने काय साधते, हे जपानने दाखवले. २०१७ ते २०१९ या काळात तेथील लोकांनी नगरपालिकांमार्फत व अन्य ठिकाणी जुने मोबाइल आणि लहान उपकरणे जमा केली. त्यांतून सुमारे ३२ किलो सोने निघाले व टोकियो ऑलिंपिकची सर्व पदके घडली. २०२१ मध्ये नीरज चोप्राच्या गळ्यात पडलेले पदक त्यांपैकीच एक.

आपल्याकडे पुढील गोष्टी सहज करता येतील :

१. वस्तू दुरुस्त होत असेल तर ती वापरावी किंवा गरजूला द्यावी. मोबाइल देण्यापूर्वी सिमकार्ड काढून आतील माहिती पुसून टाकावी.

२. नवी वस्तू घेताना जुनी परत घेण्याची सोय आहे का, हे दुकानदाराला व कंपनीच्या सेवा केंद्राला विचारावे.

३. धर्मग्राम, शाळा किंवा मोहल्ला यांनी वर्षातून एक दिवस संकलनासाठी ठरवावा. १४ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिन त्यासाठी सोयीचा आहे. नगर परिषद आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय यांच्याकडे आधी चौकशी करावी. माल नोंदणीकृत केंद्रालाच द्यावा आणि वजनाची पावती घ्यावी.

४. तोवर काहीही फोडू नये. दिवे खोक्यात ठेवावेत. फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नये. ती घंटागाडीत तर मुळीच टाकू नये, कारण तिने पेट घेण्याचा धोका असतो.

या सगळ्यात भंगारवाल्याला वगळावे, असे आमचे म्हणणे नाही. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने घरोघरचा ई-कचरा गोळा करण्याचे काम केले आहे. आपल्याकडेही दारोदार फिरणाऱ्यांना योग्य मजुरी देऊन संकलनात सहभागी करून घेता येईल. त्यांची रोजी टिकावी आणि फोडण्या-जाळण्याचे काम मात्र सुटावे.

नोंदणीकृत केंद्राकडून कदाचित चार पैसे कमी मिळतील. ते सोडून देण्याची तयारी आपण ठेवावी. ते पैसे कोणाच्या तरी लेकराच्या श्वासातून येत असतात.