एक टोपण जास्तीचं

टू-स्ट्रोक इंजिनाचा विषय निघाला की एक सल्ला हमखास कानावर येतो: ‘ऑइल एक टोपण जास्तच घाल, इंजिन टिकेल.’ जुनी चेतक पुन्हा उभी करायची असो, आरएक्स-१०० चं काम काढायचं असो, नाहीतर माळरानावर पळवायला आणलेली जुनी एटीव्ही असो, सल्ला बदलत नाही. इंजिन जाम झालं तर ते उघडण्याआधीच निदान तयार असतं: ऑइल कमी पडलं. हे छत्रपती संभाजीनगरात ऐकू यावं याचं नवल वाटतं. ५ नोव्हेंबर १९८५ ला वाळूजचा बजाजचा कारखाना सुरू झाला आणि या शहराच्या दोन पिढ्यांनी याच यंत्रांवर पोट भरलं. इथल्या कारखान्यांत मायक्रॉनमध्ये मोजणारी माणसं रोज कामाला जातात. तरीही गॅरेजच्या दारात मापाची जागा ‘अंदाजे’ घेतो, आणि कमी पैशात इंजिन बांधू पाहणाऱ्याचा खिसा या अंदाजापायीच रिकामा होतो.

आधी या समजुतीच्या मुळाशी जाऊ. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलचं खातं वेगळं असतं. ते तळाशी साठतं, फिरतं, परत येतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये असं वेगळं खातं नाही. दोन्ही कार्ब्युरेटरच्या एकाच जेटमधून जातात आणि जेटचं छिद्र काही आपल्या सोयीने मोठं होत नाही. त्या छिद्रातून जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढलं की पेट्रोल घटलंच. हिशेब शाळकरी पोराला जमेल असा आहे. लिटरभर पेट्रोलला २० मिली, म्हणजे २ टक्के ऑइल घातलं तर एक लिटर मिश्रणात सुमारे ९८० मिली पेट्रोल असतं. ६० मिली घातलं तर उरतं सुमारे ९४३ मिली. हवा तेवढीच, पेट्रोल जवळजवळ ४ टक्क्यांनी कमी. मिस्त्री ज्याला ‘लीन’ म्हणतात ते हेच. या इंजिनात पेट्रोल गरजेपेक्षा थोडं जादा ठेवलेलं असतं, कारण वाफ होताना ते पिस्टनची उष्णता शोषून घेतं. तो जादाचा वाटा काढून घेतला की पिस्टन तापतो. पिस्टनचं ॲल्युमिनियम बिडाच्या ब्लॉकपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं: चेतकचा ५७ मिमीचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर व्यास सुमारे ०.११ मिमीने वाढतो, ब्लॉक तेवढाच तापला तर त्याचा बोअर ०.०६ मिमीच्या आसपास. पिस्टन ब्लॉकपेक्षा जास्त तापला तर हा फरक आणखी वाढतो. दोघांमधली फट संपली की जाम. म्हणजे जे टाळायला टोपण वाढवलं, त्याच दिशेने गाडी ढकलली.

चार टक्क्यांनी काय होतंय, असं कुणी म्हणेल. एकट्या चार टक्क्यांनी सुस्थितीतलं इंजिन जाम होणार नाही, हे मान्य. पण आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. पेट्रोलला जळायला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, आणि ई-२० मिश्रणाला सुमारे १३.५ पट. जुन्या जेटवर हे इंधन चालवलं की मिश्रण आपोआप सात-आठ टक्के लीन होतं. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता शोषतं, म्हणून थोडी भरपाई होते, पण पुरी नाही. त्यात जास्तीचं टोपण, आणि त्यावर एखादं गळकं सील. तीन छोट्या चुका एकत्र आल्या की इंजिन बसतं, आणि ठपका ऑइल ‘कमी’ घालणाऱ्यावर येतो.

ही समजूत आली कुठून? ती मूर्खपणातून आलेली नाही. सुरुवातीच्या व्हेस्पा स्कूटरींना खरोखरच ५ टक्के ऑइल लागायचं. बेअरिंगची रचना वेगळी होती आणि ऑइल साधं खनिज होतं. पुढे रचना बदलली, ऑइल सुधारलं, प्रमाण २ टक्क्यांवर आलं. चेतक याच घराण्यातली, पण मिस्त्रीच्या हाताला जुनीच सवय राहिली. जागतिक बँकेने २००० साली दक्षिण आशियातल्या टू-स्ट्रोक वाहनांवर अहवाल काढला. त्यात कोजिमा, ब्रँडन आणि शाह यांनी नेमकं हेच नोंदवलं आहे: कंपन्या दुचाकीला २ आणि तीनचाकीला ३ टक्के ऑइल सांगतात, चालक मात्र इंजिनाचं जास्त रक्षण होईल या समजुतीने त्याहून अधिक ओततात. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ च्या आदेशात दिल्लीत सुट्या टू-टी ऑइलच्या विक्रीवर बंदी घातली आणि पंपावरच मोजून मिसळण्याची सोय करायला लावली, त्यामागेही हाच अतिरेक आणि त्याचा धूर होता. आक्षेप राहतो तो शर्यतीतल्या इंजिनांचा. त्यांना ऑइल जास्त घालतात, हे खरं आहे. पण ती इंजिनं सतत कमाल वेगावर फिरतात, आणि त्यांचं जेटही त्या मिश्रणाला जुळवून बदललेलं असतं. जेट न बदलता फक्त टोपण वाढवणं ही अर्धीच नक्कल झाली.

इंजिन कशाने गेलं, हे उघडल्यावर पिस्टनच सांगतो. त्याला विचारायची तसदी मात्र घ्यावी लागते. चारी बाजूंना सारख्या अंतरावर उभे ओरखडे असतील तर पिस्टन ब्लॉकपेक्षा वेगाने फुगला आहे. सकाळी थंड गाडीला किक मारून लगेच रेस केल्यावर हेच होतं. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील, माथा वितळला असेल किंवा भोक पडलं असेल, तर मिश्रण लीन होतं किंवा टायमिंग पुढे होतं. ऑइल खरंच संपलं असेल तर खुणा एकट्या पिस्टनवर राहत नाहीत. कनेक्टिंग रॉडची वरची-खालची बेअरिंगंही कोरडी, निळी पडलेली दिसतात, कारण तेच ऑइल त्यांनाही पोसतं. बेअरिंग चकचकीत आणि पिस्टन मात्र ओरखडलेला असेल, तर ‘ऑइल कमी पडलं’ हे निदान तिथेच खोटं ठरतं. मग गुन्हेगार बहुतेक वेळा हवा असते. या इंजिनात क्रँककेस हाच पंप आहे. पिस्टन वर गेला की तिथे ओढ तयार होते. मॅग्नेटच्या बाजूचं सील झिजलं असेल तर कार्ब्युरेटरला वळसा घालून तिथून हवा आत शिरते, आणि तिच्यासोबत पेट्रोल नसतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्समधलं ऑइल ओढलं जातं, गाडी धूर ओकते, आणि मालक समाधानाने म्हणतो, ‘बघा, ऑइल पोहोचतंय.’

म्हणून मर्यादित पैशात काम काढायचं असेल तर खर्चाचा क्रम आत शिरणाऱ्या हवेवरून ठरवावा. पहिला पैसा दोन्ही क्रँक सील, पॅकिंग आणि बेअरिंगवर. सील किरकोळ किमतीची असतात, पण ती बदलायला क्रँककेस उघडावी लागते. मजुरी वाचवायला लोक वरचा ब्लॉक तेवढा काढतात आणि जुन्या सीलवर नवं किट चढवतात. नवा पिस्टन मग जुन्याच हवेने मरतो. इंजिन जोडून झालं की एक्झॉस्ट आणि इनटेक बंद करून आत साधारण ६ पीएसआय दाब भरावा आणि पाच-सहा मिनिटं काटा पाहावा. महागडं यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजायच्या जुन्या उपकरणाचा फुगा आणि काटा चालतो, कारण त्यावरचे ३०० मिमी म्हणजे ५.८ पीएसआय. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधावी. दुसरा पैसा मापावर. ब्लॉक वर, मध्ये, खाली आणि आडव्या-उभ्या दिशेने मोजून मगच बोअरची साइज ठरवावी. किट आधी हातात घ्यावं, प्रत्यक्ष पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर आणि होनिंग करून घ्यावं. पिस्टनची फट आणि रिंगच्या तोंडातली फट मॅन्युअलप्रमाणे फिलर गेजने तपासावी. बोअर केल्यावर पोर्टच्या कडा हलक्या हाताने मोडल्या नाहीत तर रिंग त्यात अडकून तुटते. हे पाच मिनिटांचं काम सर्रास राहून जातं. तिसरा पैसा जेटवर: ई-२० साठी एक-दोन नंबर मोठं, प्लगचा रंग बघत. एवढं करून पैसे उरले तरच ‘अपग्रेड’ या शब्दाला हात लावावा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात उरकू. ‘बोअर केला की पिकअप वाढतो’: चेतकचा बोअर १ मिमीने वाढवला तर १४५ सीसीचं १५० सीसी होतं, साडेतीन टक्के, जाणवणारा बदल बोअरचा नसून झिजलेल्या रिंगमुळे गेलेलं कॉम्प्रेशन परत आल्याचा असतो. ‘सायलेन्सर पोकळ केला की ताकद येते’: येतो तो आवाज. टू-स्ट्रोकचा पाइप दाबाची लाट परत फेकून निसटणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९६१ च्या सुमारास १२५ सीसीमधून २५ अश्वशक्ती काढली ती पाइपचा आकार मोजून, तो फोडून नव्हे. ‘पोर्ट घासला की गाडी पळते’: वरच्या वेगाला पळेलही, पण शेतातल्या चढाला लागणारी खालची ओढ जाते आणि घासलेलं लोखंड परत येत नाही. ‘कुठलंही टू-टी चालतं’: एअर-कूल्ड इंजिनाला जासो एफसी किंवा एफडी दर्जाचं बघून घ्यावं, टीसी-डब्ल्यू-३ हे बोटींच्या वॉटर-कूल्ड इंजिनांचं ऑइल आहे. ‘आरएक्सचा ऑइल पंप काढून टाकलेला बरा’: तो पंप ॲक्सिलरेटरप्रमाणे माप बदलतो, आपल्या टोपणाला ते जमत नाही. ‘गाडी आपली, इंजिन हवं ते बसवू’: रस्त्यावर आणायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

ऑइलच्या बाटलीला मोजायचं टोपण दिलेलं असतं ते ‘जास्तीचं’ ओतायला नव्हे. लिटरला २० मिली म्हटलं की २० मिली. तरीही हात शिवशिवत असेल, तर तो सील तपासायला वळवावा.