टाळी देणाऱ्याचं पुढे काय झालं

हार्लेममध्ये 133व्या रस्त्यावरच्या क्लॅम हाउसमध्ये ग्लॅडिस बेंटली पांढरा टक्सिडो आणि उंच टोपी घालून पियानोवर बसायची. भक्कम देह, खर्जातला आवाज, गाजलेल्या गाण्यांना चावट शब्द जोडायची हातोटी आणि समोरच्या टेबलावरच्या बायकांशी उघड लगट. दारूबंदीच्या त्या काळात न्यूयॉर्कचे गोरे शौकीन मुद्दाम तिला ऐकायला येत. 1928 साली गायिका मा रेनीने बायकांच्या सहवासावरचं एक ब्लूज गाणं रेकॉर्ड केलं. पॅरामाउंट कंपनीने जाहिरातीत तिला पुरुषी पोशाखात बायकांशी बोलताना दाखवलं, लांबून पाळत ठेवणाऱ्या पोलिसासकट. कंपनीला त्यात लाज वाटली नाही. माल खपत होता.

काळ पुढे जातो तसा मोकळेपणा वाढतो, असं आपण धरून चालतो. बेंटलीच्या बाबतीत उलट झालं. 1952 साली, मॅकार्थीच्या धरपकडीच्या दिवसांत, तिने ‘एबनी’ मासिकात लेख लिहिला. औषधोपचाराने आपण बऱ्या झालो, लग्न केलं, आता चारचौघींसारख्या आहोत, असा त्याचा सूर. ते मनापासून होतं की पोटासाठी, यावर मतं वेगवेगळी आहेत. मला तो भीतीने लिहिलेला वाटतो. 1960 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी ती गेली.

बिली स्ट्रेहॉर्नने वेगळी वाट धरली. ड्यूक एलिंग्टनच्या बँडची ओळख झालेलं ‘टेक द ए ट्रेन’ त्याचं, पण लोकांना चेहरा माहीत होता ड्यूकचा. स्ट्रेहॉर्न आपल्या जोडीदाराबरोबर कसलीही लपवाछपवी न करता राहायचा. प्रकाशझोत मात्र दुसऱ्यावर राहू द्यायचा. हा सौदा होता की स्वभाव, कोण सांगणार? 1963 साली बँड भारतात आला, तेव्हा दिल्लीत ऐकलेल्या मैनेच्या शिळेवरून त्याने रचना केली. ती आजही वाजते.

संगीतात असा आडोसा मिळू शकला. मैदानावर तो नव्हता. खेळाडूला उद्या कुठल्या गावी विकायचं हे मालक ठरवतो, आणि खेळाडूला त्याच संघाबरोबर कपडे बदलायचे असतात.

2 ऑक्टोबर 1977, लॉस एंजेलिस. बेसबॉलच्या नियमित हंगामाचा शेवटचा सामना. डॉजर्सच्या डस्टी बेकरने तिसावा होम रन मारला. पुढच्या पाळीसाठी थांबलेल्या ग्लेन बर्कने हात उंच केला, बेकरने त्यावर जोरात टाळी दिली. मग बर्कनेही होम रन मारला, बड्या लीगमधला त्याचा पहिलाच, आणि बेकरने टाळी परत केली. हाय फाइव्ह म्हणतात त्या टाळीचे आणखी दावेदार आहेत, पण तिचा जन्म सांगताना बहुतेकदा हीच दुपार सांगितली जाते.

बर्क समलिंगी आहे हे संघात माहीत होतं. जनरल मॅनेजर अल कॅम्पॅनिसने लग्न कर, मधुचंद्राचा खर्च आम्ही देतो, म्हणून 75,000 डॉलर देऊ केले, असं बर्कने पुढे सांगितलं. त्याने नकार दिला. 1978च्या मे महिन्यात त्याची रवानगी ओकलंडला झाली. 1980 साली, सत्ताविसाव्या वर्षी, तो खेळातून बाहेर होता.

हा डॉजर्स क्लब कोणता? 1947 साली जॅकी रॉबिन्सनला उतरवून बेसबॉलमधली वर्णभिंत पाडणारा. आणि कॅम्पॅनिस कोण? मॉन्ट्रियलमध्ये रॉबिन्सनबरोबर खेळलेला माणूस. 1987 साली त्याने टीव्हीवर, काळ्यांमध्ये व्यवस्थापक व्हायची कुवत कदाचित नसावी, असं बोलून नोकरी गमावली. रॉबिन्सनच्या पदार्पणाला चाळीस वर्षं झाली म्हणून ती चर्चा ठेवलेली होती!

आपण समलिंगी असल्याचं बर्कने 1982 साली एका क्रीडा मासिकातून जगाला सांगितलं. अपघात, व्यसन, तुरुंग, रस्त्यावरचे दिवस हे पुढचं सगळं सविस्तर लिहावंसं वाटत नाही. 1995 साली एड्सने तो गेला, तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. अखेरच्या काळात ओकलंड क्लबने त्याला हात दिला. डॉजर्सना त्याचा गौरव करायला 2022 उजाडलं.

2013 साली बास्केटबॉलपटू जेसन कॉलिन्सने स्वतःबद्दल जाहीरपणे लिहिलं. पुढच्या फेब्रुवारीत नेट्सकडून तो लॉस एंजेलिसमध्येच मैदानात उतरला, तेव्हा अमेरिकेच्या चार मोठ्या लीगमधला पहिला उघड समलिंगी खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. कॉलिन्सचं धैर्य खरं, पण ही मोजदाद वर्तमानपत्रात छापून आलेल्याचीच आहे. बर्कचं सहकाऱ्यांना ठाऊक असणं तिच्यात धरलेलं नाही. 2014 सालीच अमेरिकन फुटबॉलच्या निवडीत उघड समलिंगी असलेल्या मायकेल सॅमला सेंट लुइसने घेतलं. हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. 2019 साली उघड समलिंगी अभिनेता बिली पोर्टरने ‘पोज’ मालिकेसाठी एमी घेतला तेव्हा प्रेक्षागृहाने जल्लोष केला. मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळत असताना असं जाहीर सांगणारा खेळाडू त्या वर्षीही नव्हता.